भावाला माफ केलं, म्हणून हक्कसोडपत्रावर सही करायची का?

राहुरीची_लेक
सर्वांना सलाम. काल आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "वाटणीसाठी सख्ख्या भावाला नोटीस पाठवणारी बहीण ख्रिस्ती कसली? १ करिंथ ६ वाचा, क्षमा करा आणि सोडून द्या." (विश्वासणाऱ्यांनी आपसातले वाद कोर्टात नेऊ नयेत, असं पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय, ते.) खाली आमेनची रांग लागली. नाव कुणाचं घेतलं नाही, पण नोटीस मीच पाठवलीय आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून इथे लिहितेय.

वडिलांची स्मरण उपासना झाली त्याच संध्याकाळी घरात बैठक बसली. दोन्ही भाऊ होते, मंडळीचे दोन वडीलधारे पंच (एल्डर) होते, पाळकसाहेब होते. क्षमेवर प्रार्थना झाली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर टेबलावरचं बायबल उचललेलं आणि त्याखाली स्टॅम्प पेपर. माझं नाव आधीच टाइप केलेलं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली. आई ओट्यापाशी तोंडाला पदर लावून उभी. मी सही केली नाही. तेव्हापासून मी "कठोर मनाची".

मत्तय १८ सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण बाविसाव्या वचनापासून. सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर. पंधरा ते सतरा कोण वाचणार? आधी एकट्यात जाऊन भावाला त्याची चूक दाखव. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. माझ्या भावाला चूक कुणी दाखवली? आमच्याकडे थेट बावीसपासून सुरुवात, तीही फक्त बहिणीसाठी.

श्रीरामपूर_सेवक
ताई, दुःख कळतं. पण तुम्ही वचन सोयीने वाचताय. करिंथ ६:७ मध्ये पौल सरळ विचारतो, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? आणि लूक १२ मध्ये एक जण येशूला म्हणाला, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांग. प्रभूने नकार दिला आणि लोभाबद्दल सावध केलं.
मी स्वतः दोन एकर सोडले, १९९८ साली, विहिरीसकट. बायको वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. पण भाऊ वारला तेव्हा त्याच्या पोरांनी पहिला फोन मला केला, आणि खांदा द्यायला मी पुढे होतो. ही किंमत कुठल्या सातबाऱ्यावर लागते?

राहुरीची_लेक
काका, तुम्ही सोडले. तुमच्याकडून सोडवून घेतले नाहीत. सातवं वाचलंत तर आठवंही वाचा: तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. ते कुणाला उद्देशून आहे?

वसईची_वाडी
आमच्याकडे कॅथलिकांतही हेच. फादर कुमसारात, म्हणजे पापकबुलीच्या वेळी, विचारतात, बहिणीशी बोलतोस का. वाटा दिलास का, हे विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. वाडीत केळी होती तोवर बहिणी लाडक्या. बिल्डर आला आणि बहिणी लोभी झाल्या.

नगरी_पोरगा
मुलींना हक्क २००५ ला मिळाला ना? वडील त्याआधी गेले असतील तर केस टिकणार नाही.

वसईची_वाडी
अहो, ती हिंदू कायद्यातली दुरुस्ती! आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींना सारखं. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने ख्रिस्ती मुलींना नाममात्र वाटा मिळायचा. मेरी रॉय सख्ख्या भावाविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, तेव्हा १९८६ ला तिथेही हाच कायदा लागू झाला.

नगरी_पोरगा
केरळचं इथे काय? आपल्याकडे बाप मृत्युपत्र करून सगळं मुलाला देऊ शकतो. विषय संपला.

वसईची_वाडी
देऊ शकतो, कायद्याने. पण ताईंच्या वडिलांनी केलं होतं का? केलं असतं तर बायबलखाली हक्कसोडपत्र ठेवायची गरजच पडली नसती. डोकं वापरा जरा.

नगरी_पोरगा
तोंड सांभाळून. २००५ चं माझं चुकलं, मान्य. पण वकिली पाजळायला हा धागा नाही.

राहुरीची_लेक
मृत्युपत्र नाही. साडेचार एकर आहे. आईचे दीड, आम्हा तिघांचा एकेक. मी एवढंच मागतेय. आणि मुलींचा वाटा हे कोर्टाचं खूळ नाही. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या, सगळ्या मंडळीदेखत. देव म्हणाला, त्या बरोबर बोलतात. त्यांना कुणी कठोर मनाच्या म्हटलं नाही.

सून_म्हणून_सांगते
त्या मुलींना भाऊ नव्हता, हेही सांगा की.
माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस तीन वर्षं चाललं. आठवड्यातून दोनदा पहाटे रिक्षा. मी त्यांचे कपडे बदलले, रात्री पाय चेपले. नणंद नाताळला यायची, करंज्या खायची, फोटो काढायची. माती झाल्यावर महिन्याभरात म्हणाली, माझा हिस्सा. तुमच्या पंधरा ते सतरामध्ये माझी ती तीन वर्षं कुठे बसतात?

श्रीरामपूर_सेवक
हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

राहुरीची_लेक
भाऊ नव्हता, हे खरं. तो मुद्दा तुमचा. आणि तुमच्या तीन वर्षांना माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या वहिनीनेही वडिलांचं केलं. मी आले ते सुट्टीपुरती, हेही खरं. पण ती वही काढून माझ्यासमोर बसली असती, औषधांना इतके गेले, गाडीभाड्याला इतके, तर मी माझ्या एकरातून वजा करा म्हटलं असतं. वही कुणी काढलीच नाही. मला दाखवली ती पेन्सिलीची फुली.

सून_म्हणून_सांगते
वही आम्हीही ठेवली नव्हती. घरच्या माणसाचा हिशोब कोण लिहितं? पण नणंदेने असं विचारलं असतं तर मी दार लावून घेतलं नसतं. एवढंच म्हणेन.

श्रीरामपूर_सेवक
ताई, येत्या रविवारी तुमच्याकडे प्रभुभोजन असेल, भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. मत्तय ५ प्रमाणे आधी भावाशी समेट, मग वेदी. नोटीस मागे घ्या, मग प्याल्याला हात लावा.

राहुरीची_लेक
काका, वडील गेल्यापासून मी प्याला पुढे सरकवतेय. सात महिने झाले. भाऊ मात्र दर वेळी घेतो. त्याला हे वचन कुणी वाचून दाखवलं?
शनिवारी त्याच्याकडे जातेय. सातबारा नेईन, वहिनीचा हिशोबही मांडायला सांगेन. नोटीस मागे घेत नाही. सोबत एकदोघं न्यायची, तर माझ्या बाजूने यायला मंडळीतलं कुणी तयार नाही.

श्रीरामपूर_सेवक
तुमचं सगळं पटलं असं मुळीच नाही. नोटिशीबद्दल माझं मत तेच आहे, आणि तिथेही तेच बोलेन. पण एकटीने जाऊ नका. शनिवारी सकाळच्या एसटीने मी राहुरीला येतो. भावाला आधी कळवून ठेवा, दुसरा माणूस त्याने निवडावा.