घोडबंदर रस्त्याला सधन उपनगर म्हणावे का?

माजिवडेकर
ठाण्याच्या माजिवड्यापासून गायमुखापर्यंतचा घोडबंदर पट्टा म्हणजे मुंबईलगतचे सधन उपनगर, असे वर्णन घरांच्या जाहिरातींत सर्रास आढळते. मानपाडा, पाटलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली ही एके काळची गावे-पाडे. आज तेथे उंच मनोरे, क्लब हाउस आणि जलतरण तलाव आहेत, आणि मागच्या येऊरच्या जंगलाचे मोलही सदनिकेच्या किमतीत धरलेले असते. माझा आक्षेप एवढाच, की ही सधनता सोसायटीच्या फाटकाशी संपते. बाहेर सलग पदपथ नाही, आणि उन्हाळ्यात त्याच फाटकातून टँकर आत शिरतात, कारण ठाणे महापालिकेकडे स्वतःचे धरण नाही. १८५३ साली देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ज्या ठाण्यात आली, तेथेच कासारवडवलीच्या रहिवाशाला लोकल पकडण्यासाठी आठ-दहा किलोमीटर बस किंवा रिक्षाने यावे लागते. पार्ले आणि मुलुंड रेल्वेच्या आधाराने वाढले. येथे मनोरे आधी उभे राहिले आणि वडाळा ते कासारवडवली या मेट्रो ४ चे भूमिपूजन २०१६ साली झाले.

पाटलीपाड्याचा रहिवासी
आपले वर्णन खरे असले तरी निष्कर्ष मला मान्य नाही. गिरगाव-दादरला ज्या पैशांत एक खोली वाढवता येत नव्हती, त्या पैशांत आम्हांला येथे दोन शयनगृहांचे, उजेडाचे घर मिळाले, आणि तेही मराठी शाळा, नाट्यगृह व नातेवाईक असलेल्या शहरात. शिवाय चाकरमानी म्हणजे सीएसएमटीला जाणाराच, हा हिशेब आता जुना झाला आहे. माझ्या इमारतीतील कितीतरी जण ऐरोली, पवई किंवा अंधेरीला कंपनीच्या बसने जातात. आमच्या संकुलातील रस्ते, झाडे आणि दिवे विकासकाने केले. महापालिकेची वाट पाहिली असती, तर आम्ही आजही चिखलच तुडवत असतो. मालमत्ता कर भरून वर देखभालीचा खर्चही आम्हीच सोसतो, तेव्हा फाटकाबाहेरच्या दुरवस्थेचा दोष आमच्या माथी का?

ओवळ्याचा ग्रामस्थ
दोष आपला नाही, पण 'आमच्या संकुलातील' या शब्दांतच सगळे आले. आपल्याकडे सकाळी स्वयंपाकाला येणाऱ्या बाई फाटकावर नोंद करून आत येतात आणि परतताना भर रहदारीत दुभाजकापाशी उभ्या राहून रस्ता ओलांडतात. तो रस्ता मुळात उपनगराचा नाहीच: जेएनपीटी, म्हणजे न्हावाशेवा बंदर, आणि नाशिककडून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच मार्गाने अहमदाबाद महामार्गाला लागतात. गायमुख घाटात डांबरीकरण निघाले की कापूरबावडीपर्यंत रांग लागते, आणि त्या रांगेत महागडी मोटार व टीएमटीची (ठाणे महापालिकेच्या परिवहन सेवेची) बस सारख्याच थांबतात.

पाटलीपाड्याचा रहिवासी
म्हणूनच मोठ्या प्रकल्पांना विरोध नको. राष्ट्रीय उद्यानाखालून होणारा ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, सुमारे १२ किलोमीटरचा, पूर्ण झाला तर बोरिवलीसाठी घाटाचा वळसा घ्यावा लागणार नाही.

माजिवडेकर
बोगद्याने बोरिवली जवळ येईल हे मान्य. परंतु त्यातून निघणारी वाहने मानपाड्याच्या परिसरातच बाहेर पडणार आहेत, आणि तेथील रहिवाशांचा विरोध याच भीतीपोटी आहे. त्यात मुख्य रस्त्याला समांतर असलेले सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचे काम काढले गेले. शाळेची बस, भाजीची गाडी आणि रिक्षा ज्या सेवा रस्त्यावर थांबत, त्या आता कंटेनरच्या शेजारी थांबणार असतील, तर फायदा या भागातून केवळ पुढे जाणाऱ्यांचाच आहे. मेट्रो सुरू झाल्यावरही स्थानकाच्या जिन्यापासून सोसायटीपर्यंत चालत कसे जायचे, याचा आराखडा रहिवाशांनी महापालिकेकडे आत्ताच, प्रभागवार मागितला पाहिजे. ओवळ्याच्या ग्रामस्थांना आणि त्या बाईंनाही तो तितकाच हवा आहे, त्यामुळे ही मागणी एकट्या सोसायट्यांच्या महासंघाने करू नये.