अनुभव धागा: ऋतू बघून सुचलेलं विणकाम, भरतकाम, गोधड्या... तुमचंही लिहा

मेघना_पेठ
काल सकाळी सारसबागेत गेले होते. थंडी पडली की तिथल्या बाप्पाला स्वेटर आणि कानटोपी घालतात, पुणेकरांना ते नवीन नाही. पण काल त्या टोपीची कड बघितली आणि पाय तिथेच थांबले. दोन सुलट, दोन उलट. डोळ्यांसमोर थेट आईचे हात आले.

मी चौथीत असेन. आईचं माहेर सोलापूरकडचं, जानेवारीत हुरड्याला जायचो. त्या वर्षी परतताना तिनं पर्समध्ये रुमालात गुंडाळून एक कणीस आणलं. आम्हाला वाटलं खायला. दुसऱ्या दिवशी ते घेऊन ती रविवार पेठेतल्या लोकरीच्या दुकानात गेली, मी बरोबर होते. दुकानदारानं हिरव्याच्या सगळ्या लडी काढल्या. पोपटी फार भडक, मेंदी फार गडद. आईनं एक दाणा काढून नखानं दाबला, त्यातून दूध आलं, आणि म्हणाली, "हा रंग हवाय." त्यांच्याकडे तो नव्हता. मग तिनं बारीक लोकर दोन रंगांत घेतली, एक पोपटी आणि एक सायीसारखी पांढरट, आणि दोन्ही पदर एकत्र धरून विणलं. अंगभर साबुदाण्याची वीण. आमच्या घरात त्या विणीला अजूनही हुरड्याची वीण म्हणतात.

तो स्वेटर माझ्यानंतर दोन मावसबहिणींनी घातला. आई आता विणत नाही, डोळे साथ देत नाहीत, पण रंगाचं विचारलं की लगेच सांगते.

तुम्हाला असं कधी सुचलंय का? एखादं झाड, पीक, सण, पाऊस बघून? लोकरच हवी असं नाही, क्रोशा, भरतकाम, गोधडी, काहीही चालेल.

स्वरदा७
किती सुंदर लिहिलंस गं. स्वेटरचा फोटो असेल तर टाक ना!

सोलापुरी_चटणी
हुरडा म्हटलं की मी आलोच. गुळभेंडी होती का? दाणा गोड आणि टपोरा, गोवऱ्यांच्या आगटीत भाजायचा, गरम असताना हातावर चोळायचा. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दही. विणकामातलं मला कळत नाही पण त्या दुधाळ हिरव्याचं वर्णन अगदी बरोबर आहे. आठ दिवसांत तो रंग जातो, दाणा कडक होतो. काकूंनी नेमका पकडला.

मेघना_पेठ
हो, गुळभेंडीच. फोटो मावशीकडे आहे, मागवते.

नलू_नागपूर
मी सध्या तेच करून राहिले! १ जानेवारीपासून रोज एक ओळ. त्या दिवशीचं कमाल तापमान बघायचं आणि त्याप्रमाणे रंग. २५ च्या खाली निळा, मग दर पाच अंशांना रंग बदलतो: हिरवा, पिवळा, केशरी, लाल, आणि ४५ च्या वर गडद लाल. ३६५ ओळींची चादर होईल. क्रोशाच्या मुक्या खांबात (बुटका टाका) विणतेय, कारण साध्या खांबानं ती चार-साडेचार मीटर लांब झाली असती.

मे महिन्याचा पट्टा बघून भाची म्हणाली, मावशी हा तर निखारा आहे. नवतपात (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) एकदा सलग सहा दिवस गडद लालच. आणि मग जूनमध्ये एका संध्याकाळी पाऊस आला, दुसऱ्या दिवशी थेट पिवळा. लाल आणि पिवळा शेजारी शेजारी, मध्ये केशरी नाहीच. ती जागा मी बोटानं रोज चाचपते. ते ऊन आम्ही भोगलेलं आहे ना, म्हणून.

दादरकर_रश्मी
नलूताई, काय कल्पना आहे! मुंबईत केली तर चादर दोनच रंगांची होईल 😄

नलू_नागपूर
मग पावसाचे मिलिमीटर घ्या. जुलैत तुमच्यासमोर आमचं काही चालायचं नाही.

दादरकर_रश्मी
हे फार आवडलं. पुढच्या १ जूनला सुरू करते, नक्की.

गजानन_भि
आमच्याकडे ऋतूवरूनच सगळं ठरतं, कारण आमचं घर घोंगडीचं. वडील माग चालवायचे. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. पावसाळ्याच्या तोंडावर घोंगडीला जास्त मागणी, कारण शेतात, रानात तिची खोळ करून डोक्यावर घेतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ द्यायची. ती खळ द्यायच्या दिवशी घरभर जो वास असतो तो मी कुठंही ओळखीन.

रंगाचं म्हणाल तर रंगवायची गरजच नाही. काळी, तपकिरी, करडी, पांढरी, मेंढीच्या अंगावर जे आहे ते. वडील कडेला पांढरी रेघ घालायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, काळ्या रानात पाण्याचा पाट दिसतो ना, तसा. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, तिला जावळ म्हणतात, तिची घोंगडी सगळ्यात मऊ. माझ्या मुलीला बारशात तीच दिली.

स्वरदा७
"काळ्या रानात पाण्याचा पाट". दादा, वडिलांना नमस्कार सांगा.

गजानन_भि
सांगतो ताई. ८१ वर्षांचे आहेत, अजून माग पुसून ठेवतात.

कुडाळची_वैदू
आमच्याकडे खंयची थंडी! लोकर घेतली तर घामानं अंगाला चिकटते. मी सुती दोऱ्यानं क्रोशा करते. एप्रिलमध्ये काजूचे बोंडू पिकले की एकाच फळावर पिवळा, केशरी, लाल असे उतरत जातात, ते बघून पिशव्या केल्या. खाली लाल, वर पिवळा, बंद करायला बीसारखं राखाडी बटण. आईनं पाहिलं आणि म्हणाली, गो, ह्यात आता बोंडूच घाल.

मनवा_क
कुणी सांगेल का, लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून काय करता? डांबर गोळीचा वास सहन होत नाही.

मेघना_पेठ
@मनवा, आधी धुवून कडकडीत उन्हात वाळव, मग वाळलेला कडुनिंबाचा पाला सुती पिशवीत घालून घडीत ठेव. मळका कपडा ठेवला की हमखास लागते. अ‍ॅक्रिलिक असेल तर कसरीची काळजी नको.

आरती_एडिनबरा
इथे आल्यावर मी पहिल्यांदा शेटलंडच्या लोकरीला हात लावला. तिथल्या फेअर आइल विणकामात एका ओळीत दोनच रंग चालवतात, बाकी सगळी करामत नक्षीची. पहिल्या हिवाळ्यात दुपारी पावणेचारला दिवे लावायची वेळ यायची आणि घराची फार आठवण यायची. चैत्र आला, बाहेर अजून कोट घालावा लागत होता. तेव्हा आजीचं चैत्रांगण आठवलं. चैत्रगौर बसली की अंगणात ती रोज काढायची, अक्षय्यतृतीयेपर्यंत. शंख, चक्र, गोपद्मं, कासव, सूर्य, चंद्र.

मी चौकटीच्या कागदावर एकेक चिन्ह काढलं. एक चौकट म्हणजे एक टाका. गोपद्मं पटकन बसली. कासवानं तीनदा उसवायला लावलं, कारण मागून जाणारा दोरा पाच टाक्यांपेक्षा जास्त मोकळा राहिला की घालताना बोटं अडकतात. शेवटी कासवाच्या पाठीवर ठिपके दिले आणि प्रश्न सुटला. गेरूचा रंग जमिनीला, रांगोळीचा पांढरा वर. ती टोपी घालून बसमध्ये बसले होते तर शेजारच्या आजींनी विचारलं, ही नक्षी कुठली? माझा थांबा येईपर्यंत त्यांना चैत्रगौर सांगितली. कैरीची डाळसुद्धा.

दादरकर_रश्मी
आरती, तो कागद दे गं! गेरू आणि पांढरा, डोळ्यांसमोर आलं.

आरती_एडिनबरा
देते, स्वच्छ काढून शनिवारी टाकते.

टेक्सासची_शमा
मला त्यात नवीन शिकणाऱ्यांसाठी एक सांगायचंय. सुयांचे नंबर बघून घ्या! आपली १० नंबरची सुई ३.२५ मिमीची, अमेरिकेतली १० नंबरची ६ मिमीची. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, इथे जाड होते. बाळाचं झबलं करायला घेतलं होतं, नवऱ्याच्या छातीला बसेल एवढं झालं. नेहमी मिलिमीटर बघायचे.

मनवा_क
धन्यवाद मेघनाताई. शमाताई, हे मला आजच कळलं, आत्ता सुया मोजते.

पुष्पा_जोग
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीतली सगळी तोरणं मी गोळा करते. आता लोकच आणून देतात. झेंडूच्या पाकळ्या सोडवून उकळायच्या, गाळून घ्यायचं. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात, १०० ग्रॅम लोकरीला १० ग्रॅम तुरटी. मग झेंडूच्या पाण्यात तासभर मंद आचेवर. उकळी येऊ द्यायची नाही, आणि गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकायची नाही, आटून गोळा होते. अस्सल लोकरच हवी, अ‍ॅक्रिलिकला रंग धरत नाही. निघतो तो रंग झेंडूसारखा भडक नसतो, जुन्या सोन्यासारखा असतो. त्यातच गंजलेल्या खिळ्यांचं पाणी थोडं घातलं की शेवाळी हिरवा. एकाच फुलाचे दोन रंग. त्या दोन रंगांचे मफलर गेली चार वर्षं भावांना भाऊबीजेला देते, दसरा ते भाऊबीज बरोबर तेवढाच वेळ मिळतो.

निमा_दिल्ली
आम्ही सरकारी वसाहतीत होतो तेव्हा डिसेंबरच्या उन्हात सगळ्या बायका गच्चीवर, मांडीवर लोकर, बाजूला शेंगा. मी तिथे शिकले, पंजाबी शेजारणीकडून. तिच्याकडून एक गोष्ट घेतली ती उन्हाळ्याची. बैसाखी झाली की लहान झालेले स्वेटर उसवायचे. उसवलेली लोकर वेडीवाकडी असते, ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, धुवायची, आणि ओली टांगून खाली एखादं वजन अडकवायचं. वाळली की सरळ. पुढच्या थंडीत त्याच लोकरीचा दुसरा स्वेटर. माझ्या मुलाच्या पहिल्या स्वेटरची लोकर चार रूपांतून फिरून आता नातीच्या टोपीत आहे.

स्वरदा७
माझं छोटंसं. भाच्याच्या बोरन्हाणाला काळं झबलं विणलं आणि त्यावर पांढऱ्या लोकरीच्या गाठी मारल्या, हलव्याच्या दाण्यांसारख्या, छोट्या काट्यासकट दिसतील अशा. तो दिवसभर त्या तोडून खायला बघत होता 😂

घाटवाटा
सगळे कासला सप्टेंबरात जातात. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. मीही जायचे. एकदा सुट्टी मिळाली ती नोव्हेंबरच्या शेवटी, फुलं संपलेली, गवत वाळून तांबूस सोनेरी, वारा आला की आडवं होणारं. ओढणीवर तेच भरलं, फक्त धावदोऱ्यानं, चार छटांत. फूल एकही नाही. माझं आजवरचं सगळ्यात आवडतं काम आहे ते.

रानजाई
किती दिवस लिहू की नको करत होते. आमच्या घरी दसऱ्याला टाके घालायचे, संक्रांतीला स्वेटर अंगात, असा आईचा नेम. आम्ही भंडारदऱ्याकडे कारवी फुललेली बघायला गेलो होतो, सगळा डोंगर जांभळा. सात वर्षांनी एकदा फुलते, म्हणून ती हट्टानं आली होती. येताना नाशकात थांबून तिनं तोच रंग घेतला आणि त्या दसऱ्याला माझ्यासाठी कार्डिगनचे टाके घातले. पाठ झाली, उजवा पुढा झाला, डावा पुढा बगलेपर्यंत आला, आणि मार्गशीर्षात ती गेली.

दोन वर्षं ते पिशवीत आहे. टाके निसटू नयेत म्हणून तिनं सुईच्या टोकाला रबर बॅंड गुंडाळला होता, तो तसाच आहे. मला विणता येतं. हात लावायचं धाडस होत नाही, माझा हात वेगळा दिसेल असं वाटतं.

नलू_नागपूर
बाई गं. तू लिहिलंस ते बरं केलंस.

कुडाळची_वैदू
वाचून डोळे भरले. घाई करू नको.

पुष्पा_जोग
लोकर शिल्लक आहे का? लेबल असेल तर रंगाचा लॉट नंबर जपून ठेव.

रानजाई
तीन गुंडे आहेत, लेबलसकट. पिशवीतच ठेवलंय तिनं.

मेघना_पेठ
रानजाई, आईला तुझं वाचून दाखवलं. ती म्हणाली तसं लिहिते. आधी डाव्या पुढ्याला हात लावू नकोस. पाठीचा तुकडा सपाट पसर आणि दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके आहेत ते मोज. मग तिच्याच सुयांवर तीस टाक्यांचा छोटा चौकोन विण आणि तसंच मोज. तुझे जास्त भरले तर हात घट्ट आहे, एक नंबर जाड सुई घे. कमी भरले तर एक नंबर बारीक. चौकोन उसवून लोकर परत वापरता येते.

रानजाई
काकूंना सांगा, आज मोजलं. तिचे २२, माझे २४. तिची सुई १० नंबर.

मेघना_पेठ
मग ९ नंबर घे. आई विचारतेय, जेवलीस का?

रानजाई
जेवले. ९ वर २२ बसले. रबर बॅंड जपून काढला, चार ओळी झाल्या. आता बगलेचे टाके किती कमी करायचे ते उजव्या पुढ्यावरून मोजतेय.

मेघना_पेठ
आरशातल्यासारखं उलटं धरून मोज, नाहीतर दोन्ही उजवेच होतील. अडलं तर रात्री फोन कर, आई जागी असते.