संकेतस्थळावरचे व्हिडिओ सर्व ब्राउझरांत नीट चालावेत, यासाठी सल्ला हवा आहे

ठेका

नमस्कार. माझे वडील सांगलीत तबल्याची शिकवणी घेतात. त्यांचे काही विद्यार्थी आता पुण्याला, दुबईला आणि न्यू जर्सीला असतात, म्हणून मी त्यांच्यासाठी एक साधे संकेतस्थळ तयार केले असून कायदे, पलटे आणि रेले (द्रुत लयीतली रचना) या तबल्यावरच्या रचनाप्रकारांचे दोन-तीन मिनिटांचे सुमारे चाळीस व्हिडिओ त्यावर चढवले आहेत.

अडचण अशी, की प्रत्येकाकडे वेगळेच काहीतरी घडते. सुरुवातीला मी आयफोनवर चित्रित केलेल्या फाइली जशाच्या तशा चढवल्या होत्या. माझ्या मॅकवर सर्व नीट दिसत होते, पण विंडोजवर क्रोम वापरणाऱ्या एका विद्यार्थ्याला नुसता आवाज ऐकू येई आणि पडदा काळा राही. मग मी एका ऑनलाइन सेवेतून सर्व फाइलींचे एमपी४ करून घेतले आणि व्हिडिओ फक्त विद्यार्थ्यांनाच दिसावेत म्हणून त्याच आठवड्यात लॉगिनही बसवले. आता क्रोममध्ये चित्र दिसते, पण सुरू व्हायला मिनिटभर लागते आणि व्हिडिओ पुढे सरकवता येत नाही. आयफोनवर तर प्लेच्या खुणेवर तिरकी रेघ येते आणि काहीच चालत नाही. शिवाय रेल्याच्या व्हिडिओत शेवटाकडे हात आधी पडलेला दिसतो आणि बोल मागाहून ऐकू येतो. बाबांना ही गोष्ट सर्वांत जास्त खटकते, कारण लय शिकवण्याच्या व्हिडिओत लयच चुकीची दिसते.

यासाठी एखादा चांगला प्लेअर विकत घ्यावा का? घ्यावा तर कोणता?

लोलक

प्लेअर विकत घेऊ नका. ब्राउझरांत अंगभूत असलेला व्हिडिओ टॅग (पानाच्या कोडमध्ये व्हिडिओ बसवण्याची खूण) तुमच्या कामाला पुरेसा आहे. तुम्ही सांगितलेल्या तक्रारी एकाच रोगाच्या वाटल्या, तरी त्यांची कारणे निरनिराळी आहेत आणि त्यांतले एकही प्लेअर बदलून जाणारे नाही.

काळ्या पडद्याचे कारण एचईव्हीसी, म्हणजे चित्र आकुंचित करून साठवण्याची एक पद्धत, हे आहे. २०१७ साली आयओएस ११ आल्यापासून आयफोन मूळ सेटिंगमध्ये याच पद्धतीने चित्रण साठवतो. सफारीला ती पद्धत समजते, इतर ब्राउझरांत मात्र ते संगणकाच्या हार्डवेअरवर आणि ब्राउझरच्या आवृत्तीवर अवलंबून असते. आवाज एएसी या आवाज साठवण्याच्या पद्धतीचा असल्याने तो सगळीकडे ऐकू येतो, म्हणून पडदा काळा राहूनही तबला वाजत होता. सर्वत्र चालणारी जोडी म्हणजे एमपी४ फाइलीत एच.२६४ या जुन्या पद्धतीचे चित्र आणि एएसी आवाज, आणि चित्रातले रंगही आठ बिटांत, ४:२:० या पद्धतीने साठवलेले.

हे रूपांतर ऑनलाइन सेवेऐवजी स्वतःच्या संगणकावर हँडब्रेक या सॉफ्टवेअरने करा. ते मोफत आहे. त्यात दोन गोष्टी न चुकता निवडा. पहिली म्हणजे ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’. एमपी४ फाइलीत कोणती चौकट (फ्रेम) कुठे आहे, याची एक अनुक्रमणिका असते आणि बऱ्याचदा ती फाइलीच्या शेवटी लिहिली जाते. ती हाती येईपर्यंत ब्राउझरला काहीच दाखवता येत नाही. या पर्यायाने ती फाइलीच्या सुरुवातीला येते. दुसरी गोष्ट म्हणजे ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’, म्हणजे चौकटींचा एकसारखा वेग. फोन उजेडानुसार चौकटींचा वेग किंचित कमी-जास्त करत असतो, आणि रूपांतर करणाऱ्या साधनाने तो वेग एकसारखाच आहे असे धरले, की दर मिनिटाला थोडा थोडा फरक साचत जातो. तुमच्याकडे बोल शेवटाकडेच मागे पडतो, सुरुवातीला नाही, त्यावरून मला हेच कारण दिसते. रूपांतर मूळ फाइलींपासूनच करा. आधीच बिघडलेल्या एमपी४वर पुन्हा काम करून उपयोग नाही.

आयफोनवरच्या रेघेबद्दल एक प्रश्न विचारतो. लॉगिन बसवल्यावर व्हिडिओची फाइल सर्व्हर थेट देतो, की एखादी स्क्रिप्ट ती वाचून पुढे पाठवते?

नदीकाठ

माझे मत थोडे वेगळे आहे. चाळीस व्हिडिओंसाठी सर्व्हर सांभाळत बसण्यापेक्षा ते यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (शोधात न दिसणारे) करून आयफ्रेमने, म्हणजे पानातल्या चौकटीत, संकेतस्थळावर बसवावेत. नेट मंद झाले तर चित्र आपोआप हलके होते आणि रूपांतराची चिंता उरत नाही. आमच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ आम्ही असेच दाखवतो आणि त्याबद्दल कधी तक्रार आलेली नाही.

लोलक

सार्वजनिक व्हिडिओंसाठी मीही हेच सुचवले असते. परंतु अनलिस्टेड म्हणजे खासगी नव्हे. दुवा ज्याच्या हाती पडेल, त्याला तो व्हिडिओ पाहता येतो. लॉगिन ज्या कारणासाठी बसवले, ते कारणच त्यामुळे उरत नाही. शिवाय व्हिडिओ संपल्यावर इतर व्हिडिओ सुचवले जातात, आणि रियाजाला बसलेल्या मुलासमोर ते नसावेत असे मला मनापासून वाटते.

ठेका

दोघांचेही आभार. तुमचा प्रश्न वाचून पाहिले, तर फाइल खरोखरच एका पीएचपी स्क्रिप्टमधून जाते. विद्यार्थी लॉगिन झाला आहे का, हे ती तपासते आणि मग संपूर्ण फाइल वाचून पाठवते.

लोलक

मग रेघेचे मूळ तिथेच आहे. सफारी व्हिडिओ मागताना आधी फाइलीचे अगदी सुरुवातीचे दोन बाइट मागते. सर्व्हरने २०६ (‘मागितलेला तुकडा देत आहे’ असा संकेतांक) या उत्तरासह तेवढाच तुकडा दिला, तरच ती पुढचे मागते. तुमची स्क्रिप्ट ही मागणी न वाचता २०० (‘सर्व ठीक’) म्हणून पूर्ण फाइल पाठवत असणार, म्हणून सफारी नकार देते. आयफोनवरचा क्रोमही वेबकिट या सफारीच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे तिथे ब्राउझर बदलून फरक पडत नाही. संगणकावरचा क्रोम अशा उत्तरावरही चालवून घेतो, पण मधला तुकडा मागता येत नसल्याने त्याला पुढे सरकता येत नाही आणि शेवटच्या अनुक्रमणिकेसाठी सगळी फाइल उतरवावी लागते. तुमचा मिनिटभराचा खोळंबा त्यातूनच आला आहे.

उपाय असा, की स्क्रिप्टने फक्त परवानगी तपासावी आणि फाइल देण्याचे काम सर्व्हरवर सोपवावे. एन्जिनएक्स या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट’ हा हेडर (उत्तरासोबत जाणारी सूचना) आहे, अपाची या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्स-सेंडफाइल’चे मॉड्यूल बसवावे लागते. फाइलीचा प्रकार ‘व्हिडिओ/एमपी४’ असाच जाईल, हेही पाहा. बदल केल्यावर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडून व्हिडिओच्या ओळीपुढे २०६ दिसते का, ते तपासा.

खिडकी

एक लहानशी भर घालते. टॅगमध्ये ‘प्लेजइनलाइन’ लिहिले नाही, तर आयफोन व्हिडिओ पूर्ण पडद्यावर उघडतो आणि शेजारी लिहिलेले बोल दिसेनासे होतात. ‘प्रीलोड’ (आधी किती उतरवायचे ते) याची किंमत ‘मेटाडेटा’ ठेवा, म्हणजे एका पानावर दहा व्हिडिओ असले तरी सगळे एकदम उतरत नाहीत. आपोआप सुरू करण्याच्या फंदात पडू नका. २०१८पासून क्रोम आणि त्याच्या आगेमागे इतर ब्राउझरही आवाज असलेले व्हिडिओ वापरकर्त्याने काही न दाबता सहसा सुरू होऊ देत नाहीत.

ठेका

कालच्या रविवारी सर्व बदल केले. आमचा सर्व्हर एन्जिनएक्सचाच निघाला, त्यामुळे स्क्रिप्टमधल्या मोजक्या ओळी बदलाव्या लागल्या. २०६ दिसू लागले आणि दुबईच्या विद्यार्थ्याच्या आयफोनवर पहिल्यांदाच व्हिडिओ सुरू झाला. रेल्याचा व्हिडिओ बाबांनी शेवटपर्यंत पाहिला, हात आणि बोल आता जुळतात.

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फाइली केवढ्या असाव्यात? आणि व्हिडिओ अर्ध्या वेगाने दाखवता येईल का?

लोलक

आयफोनवर १०८०चे, सेकंदाला ३० चौकटींचे चित्रण मिनिटाला सुमारे ६० एमबी होते, म्हणजे तीन मिनिटांचे १८० एमबी. तेच ७२० उंचीचे करून दीड एमबीपीएसच्या (सेकंदाला दीड मेगाबिट) आसपास ठेवले, तर ३५ एमबीच्या आत बसते आणि मोबाइल डेटावरही न अडता चालते. रेल्यासाठी मात्र मी मूळ चित्रणच सेकंदाला ६० चौकटींनी करायला सांगेन, कारण ३०मध्ये द्रुत लयीत बोटे पुसट दिसतात. तिथे फाइल थोडी मोठी झाली तरी चालेल. एकाच व्हिडिओच्या अनेक दर्जांच्या आवृत्त्या करून एचएलएसने (नेटच्या वेगानुसार आवृत्ती बदलणाऱ्या पद्धतीने) दाखवणे एवढ्या लहान व्हिडिओंसाठी आवश्यक नाही.

अर्ध्या वेगासाठी पानावर एक बटण ठेवून ‘प्लेबॅकरेट’ (व्हिडिओचा वेग) ०.५ करावा. स्वर खाली उतरणार नाही, कारण वेग बदलला तरी पट्टी राखण्याची सोय ब्राउझरांत मुळातच चालू असते. चाट (तबल्याच्या कडेचा नाद) काळी एक या पट्टीत मिळवलेली असेल, तर ती काळी एकमध्येच ऐकू येईल. मात्र आवाज ताणला गेल्याने बोलांची धार थोडी बोथट होते. बोटांची ठेवण पाहायला ते पुरेसे आहे, पण नाद ऐकून शिकायचा असेल, तर वडिलांकडून तोच कायदा विलंबित लयीत वेगळा वाजवून घ्यावा.