दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: वरचे दोन तास कुठं जातात?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पहिल्यांदाच येताहेत, दिल्लीहून थेट सॅन फ्रान्सिस्को. बाबांना आकडेमोडीची भारी आवड. नेटवर त्यांना अंतर मिळालं साधारण 12,400 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरला की पावणेचौदा तास होतात. तिकिटावर मात्र सोळाच्या आसपास. रोज फोनवर तोच प्रश्न: "वरचे दोन तास कुठं जातात?" मला सांगता येईना. कुणाला नीट माहीत आहे का?

उत्तर:

ताई, बाबांचा भागाकार बरोबर आहे, फक्त ते अंतर विमान कापत नाही. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघायला सांगा. तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. तेच हे 12,400. प्रत्यक्षात कुठल्या देशाचं आकाश खुलं आहे, अडचण आली तर उतरायला विमानतळ किती लांब, हे बघून मार्ग ठरतो आणि लांबतो. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात धरलेलं.

पण खरी गंमत वाऱ्याची आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, हिवाळ्यात तर फार जोरात. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने याच मार्गावर पश्चिमेकडे अटलांटिकवरून, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध, जाणं सोडून पूर्वेकडे पॅसिफिकवरून विमान नेलं. अटलांटिकवरच्या 13,900 पेक्षा अंतर सुमारे 1,400 किलोमीटरनी वाढून 15,300 झालं, तरी वारा पाठीशी असल्यामुळे साडेचौदा तासांत पोचलं. आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर! परतताना तेच विमान अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच. मला हे अजूनही विलक्षण वाटतं. बाबांना आवर्जून सांगा.

उत्तर:

वरच्या मेलला एक पुरवणी. घड्याळाचा घोळ आधीच समजावून ठेवा. मार्च ते नोव्हेंबर आपण भारताच्या साडेबारा तास मागे, थंडीत साडेतेरा. समजा ऑक्टोबरात पहाटे 4 ला निघून साडेचौदा तासांनी उतरले, तर इथं सकाळचे 6 आणि तारीख तीच! माझी आई उतरल्यावर मला म्हणाली, "अरे, दोनच तास झाले की." आणि त्या नादात तिची रक्तदाबाची एक गोळी राहिली. म्हणून घड्याळ न बघता मधले तास मोजून गोळ्या कधी घ्यायच्या ते निघण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा. सामानाच्या बॅगेत नको, ती हाताशी नसते.