एकाच प्लॅनवर ॲप जास्त झालेत हे सिद्ध कसं करायचं? (ॲझ्युअर)

गंगापूररोडवाला
मंडळी एक मदत हवी. आमची छोटी टीम आहे, द्राक्ष एक्सपोर्टवाले आणि दोन-तीन कांदा व्यापारी यांची कामं करतो, सगळं ॲझ्युअर ॲप सर्व्हिसवर (मायक्रोसॉफ्टची वेब ॲप होस्टिंग सेवा), सेंट्रल इंडिया म्हणजे पुण्याचं रीजन. प्लॅन, म्हणजे ॲप ज्यावर चालतात ते भाड्याचं मशीन, एकच, एस१ साइजचा, त्यावर ९ ॲप. सीझन सुरू झाला की सकाळी सकाळी पॅकहाऊसवाले एकदम लॉगिन करतात आणि गंमत म्हणजे लोड एका साइटवर येतो अन् ५०३ एरर (सर्व्हर उपलब्ध नाही) भलत्याच साइटवर. सीपीयू बघावा तर ठीकठाक. प्रत्येक ॲपच्या पानावर मेमरी बघितली तर १००-१५० एमबीच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. दोन इन्स्टन्स (तशीच दोन मशीन) करून बघितले, फरक जवळपास शून्य, प्लॅनचं बिल मात्र डबल. पार्टनर म्हणतो मोठा प्लॅन नंतर, आधी दाखव ॲप जास्त झालेत ते. कुठे बघू?

सिडको_बॅकएंड
भाऊ ॲपच्या पानावर कितीही वेळ बसलास तरी काही दिसणार नाही, प्लॅनच्या पानावर जा. मेट्रिक्समधे मेमरी पर्सेंटेज लाव आणि इन्स्टन्सप्रमाणे स्प्लिट कर, नाहीतर सगळ्यांची सरासरी दाखवतो आणि गुदमरलेलं मशीन त्यात लपून जातं.

हिशोब साधा आहे. एस१ म्हणजे १ कोर आणि १.७५ जीबी रॅम. ९ ॲप गुणिले १५० एमबी, तिथेच सव्वा-दीड जीबी गेले, आणि विंडोजचा स्वतःचा वाटा अजून धरलाच नाहीये. तुझ्या सीपीयूला काही झालेलं नाही, रॅम संपतेय.

आणि 'डायग्नोज अँड सॉल्व्ह प्रॉब्लेम्स'मधे 'ॲप डेन्सिटी' टाईप कर, त्याचा वेगळा रिपोर्टच आहे. पार्टनरला त्याचा स्क्रीनशॉट पाठव, वाद मिटेल. मायक्रोसॉफ्टचीच शिफारस आहे की एस१, बी१, पी१व्ही२ या प्लॅनवर साधारण ८ च्या वर ॲप नको, पी१व्ही३ ला १६.

गंगापूररोडवाला
८ आणि ९ मधे असा काय मोठा फरक राव?

अंबड_देवऑप्स
९ नाहीत हो तुमचे 😄 स्टेजिंग स्लॉट (नवीन आवृत्ती आधी तपासायला ठेवलेली ॲपची प्रत) किती आहेत ते सांगा आधी. प्रत्येक चालू स्लॉट हे वेगळं ॲपच धरायचं, त्याच मशीनची रॅम खातो. वेबजॉब (ॲपसोबत पडद्यामागे चालणारी कामं) असतील तर तेही तिथेच चालतात. कुडू (ॲपचं आतलं ॲडमिन पान) उघडून प्रोसेस एक्सप्लोरर बघा, ज्या ॲपला कुडू उघडलंय त्याचा डब्ल्यू३डब्ल्यूपी (ॲप चालवणारी विंडोजची प्रोसेस) एक आणि कुडूचा स्वतःचा दुसरा, असे दोन दिसतील.

दोन इन्स्टन्स करून फरक का पडला नाही तेही सांगतो. बाय डिफॉल्ट प्लॅनमधलं प्रत्येक ॲप प्रत्येक इन्स्टन्सवर चालतं. म्हणजे ट्रॅफिक वाटला जातो पण गर्दी दोन्हीकडे तेवढीच, वडापची दुसरी गाडी लावली आणि तेच सगळे पॅसेंजर दोन्ही गाड्यांत बसवले तसं. पर-ॲप स्केलिंग चालू करून ॲपगणिक वर्करचा आकडा दिला तरच ते वाटले जातात.

गंगापूररोडवाला
स्लॉट ४ आहेत, विसरलेले. म्हणजे १३ झाले की! डेन्सिटी रिपोर्ट लाल आहे, आणि सकाळी मेमरी ९० च्या वर. ऑलवेज ऑन सगळ्यांना चालू आहे, ते ठेवू का बंद करू?

सिडको_बॅकएंड
स्लॉट आजच स्टॉप कर, फुकटचं काम आहे. ऑलवेज ऑनचं बघून ठरव. ते बंद असेल तर २० मिनिटं कोणी फिरकलं नाही की ॲप मेमरीतून उतरतं, पुढच्या माणसाला पहिली रिक्वेस्ट हळू मिळते एवढंच. व्यापाऱ्यांच्या ज्या साइट दिवसातून दोनदा उघडतात त्यांना खुशाल बंद कर, पण वेबजॉब सतत चालणारा असेल तर हात लावू नको.

तरीही भागलं नाही तर पॅकहाऊसवालं ॲप एकटं वेगळ्या प्लॅनवर काढ, पी०व्ही३ ला कोर १ च पण रॅम ४ जीबी. माझ्या मते अख्खा प्लॅन मोठा करण्यापेक्षा दंगा करणारं एकच बाहेर काढलेलं बरं, बाकीचे सुखाने राहतात.

अंबड_देवऑप्स
फक्त नवीन प्लॅन त्याच रिसोर्स ग्रुपमधे (ॲझ्युअरवर आपल्या गोष्टी ठेवायचा गट) आणि त्याच रीजनमधे बनवा, नाहीतर 'चेंज ॲप सर्व्हिस प्लॅन'च्या यादीत तो दिसतच नाही आणि माणूस उगाच डोकं आपटत बसतो. आणि हलवायचंच असेल तर दुपारी हलवा, सकाळच्या लोडिंगच्या टायमाला नको.

गंगापूररोडवाला
स्लॉट बंद केले. रिपोर्ट पार्टनरला पाठवलाय, आता विचारतोय की ते ४ स्लॉट कोणी बनवले होते 🙏