जूनची ब्रायटन ट्रिप : छत्री करायची का नाही, एकदाचं ठरवा

माधवी (जुळे सोलापूर)

मंडळी नमस्कार, परत मेल टाकतेय कारण मागच्या वेळी सगळी चर्चा डब्यात काय न्यायचं यावरच संपली. आमची सोलापूरची मंडळी पुढच्या आठवड्यात निघतायत, अकरा जण आहेत, सगळे साठीच्या पुढचे, इंग्लंडच्या समुद्रकाठच्या ब्रायटनचा शनिवार ठरलाय त्यात बदल नाही. अडलंय ते छत्रीपाशी, म्हणजे तिथल्या टेकडीवरचं पहिल्या महायुद्धातल्या भारतीय जवानांचं स्मारक. अण्णा म्हणतायत छत्री दाखवणार नसाल तर मी क्रॉयडनलाच बसतो, ते पलटणीत होते हे तुम्हाला माहितीये, आणि इकडे आईचे गुडघे आणि सुशीलामावशीची शुगर. वर चढ किती आहे, गाडी कुठपर्यंत जाते, ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज, गूगल मला पण येतं.

प्रसाद (क्रॉयडन)

गाडी वरपर्यंत जात नाही. ब्रायटनच्या पॅचम भागाबाहेर ए२७ हायवेपाशी ब्रेपूल लेन आहे तिथे उतरायचं आणि मग पाऊलवाट, दीड-दोन किलोमीटर धरा, चढ उभा नाही पण संपत नाही. मधे फाटकं, मेंढ्या, पाऊस झाला असेल तर चिखल. वर ना टॉयलेट ना दुकान. मावशींना मी तरी नेणार नाही.

आणि अकरा जणांचं ग्रुपसेव्ह (रेल्वेची ग्रुपसाठीची सूट) एकत्र होत नाही, ३ ते ९ माणसंच चालतात. सहा आणि पाच अशी दोन काढा, एक तृतीयांश सूट मिळते.

दिलीपकाका (होटगी रोड, सोलापूर)

चि. प्रसाद आणि माधवी,

मी मंडळाचा सेक्रेटरी असताना ब्रायटनला गेलो की छत्री आधी, पियर (समुद्रात गेलेला लांब धक्का) आणि आइस्क्रीम नंतर असा नियम होता, तेव्हा कोणाचे गुडघे आडवे आले नाहीत. हिणवायला लिहीत नाही. पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६ तिथल्या रॉयल पॅव्हेलियनमधे आपल्या जखमी शिपायांचा दवाखाना होता, सातशेच्या वर खाटा, जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे. राजाच्या महालात! जे वारले त्यातल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना त्या टेकडीवर अग्नी दिला, मुसलमान जवानांचं दफन वोकिंगला केलं. टेकडीवरच्या त्याच जागी १९२१ साली पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली, आणि नकाशा कोणाचा, तर हेन्रिक्स नावाच्या मुंबईच्या एका तरुण आर्किटेक्टचा. आपल्या मराठ्यांना जिथे अग्नी दिला ती जागा सोडून पियरवर डोनट खाऊन परत यायचं असेल तर आताच्या कमिटीने तसं ठरवावं. मी आता सोलापुरात बसलोय, मला काय.

शिरीष (रेडिंग)

> आपल्या मराठ्यांना जिथे अग्नी दिला

काका, हे दरवर्षी ऐकतो. मराठा पलटणी त्या युद्धात मुख्यतः मेसोपोटेमियात (आताच्या इराकमधे) होत्या, ११० वी तर कुतच्या वेढ्यात अडकली. फ्रान्सला गेले ते शीख, गढवाली, गुरखे, डोग्रे, पठाण, जाट. छत्रीला जरूर जावं पण मराठे म्हणून नको.

दिलीपकाका (होटगी रोड, सोलापूर)

शिरीष, बॉम्बे सॅपर्स विसरलास. खडकीचे, लष्करातले इंजिनियर. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधे न्यूव्ह शापेलला ४७ व्या शिखांच्या जोडीने गावात घुसल्या होत्या, आणि बॉम्बे सॅपर्समधे मराठे भरती व्हायचे हे तुला खडकीत कोणीही सांगेल.

शिरीष (रेडिंग)

सॅपर्स मान्य. छत्रीपाशी कोरलेल्या नावांत मराठे आहेत हे अजून मान्य नाही.

वैशाली (सटन)

तुमचं दोघांचं झालं असेल तर बीचबद्दल कोणीतरी बोला, कारण माधवी, तुझ्या मेलवरून मला वाटतंय की तिकडे सगळ्यांच्या डोक्यात वाळू आहे. ब्रायटनला वाळू नाही. गोटे आहेत, मुठीएवढे, वरपासून पाण्यापर्यंत, आणि पाण्याकडे जाताना घसरत उतार. चंद्रभागेच्या वाळवंटात चालल्यासारखं चालायला गेलं तर घोटा गेलाच समज. ओहोटीला अगदी कडेला थोडी वाळू उघडी पडते पण तिथवर पोचायला गोटे तुडवावेच लागतात. माझ्या सासूबाई मागच्या उन्हाळ्यात मधेच उभ्या राहिल्या, ना पुढे जाता येईना ना मागे, दोघींनी धरून आणलं. पाणी जूनमधे १४-१५ डिग्री, मेचं सोलापूर सोसून आलेल्या माणसाला पाय बुडवले तरी ओरडायला होतं. ज्यांना समुद्रस्नान करून पुण्य घ्यायचंय त्यांना आधीच सांग.

शिवाय स्टेशन ते समुद्र क्वीन्स रोडने सरळ उतार, जाताना पंधरा मिनिटं, आणि संध्याकाळी दमल्यावर तोच चढ. येताना बस घ्या.

मी म्हणते पॅव्हेलियन, मग पियर, मग व्होक्सची छोटी ट्रेन. १८८३ पासून चालतेय, चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी इलेक्ट्रिक ट्रेन आहे ती, कडेकडेने जाते, बसल्या बसल्या सगळा किनारा दिसतो. फक्त शेवटच्या स्टेशनला उतरून इकडेतिकडे भटकू नका, तिथे तो कपडे न घालणाऱ्यांचा बीच आहे. १९८० पासून कौन्सिलच्या परवानगीने. गोट्यांचा उंच बांध घातलाय त्यामुळे रस्त्यावरून दिसत नाही, पण कोणी वर चढून बघायला गेलं तर मंडळाचं नाव जाईल.

संजय (हॅरो)

व्होक्सचं ठीक आहे पण सीगलचं सांगितलं का कोणी? ते पक्षी हातातलं उचलून नेतात, खोटं नाही सांगत, आमच्या मुलाच्या हातातली अख्खी चिप्सची पुडी गेली आणि तो अजून बीच म्हटलं की रडतो. धपाटे, कडक भाकरी, शेंगा चटणी जे काय आणणार असाल ते उघड्यावर काढायचं नाही. पॅव्हेलियनच्या बागेत झाडाखाली बसून खा, बाग फुकट आहे, आत जायलाच तिकीट लागतं. (शेंगा चटणी मला अर्धा किलो पाहिजे, माधवीला वेगळी मेल केलीय, उत्तर नाही.)

सुशीलामावशी (सोलापूर)

नमस्कार. माधवीने ही मेल वाचून दाखवली म्हणून मीच टाइप करतेय. नाशिकच्या कुंभात नागा साधूंची अख्खी मिरवणूक बघितलीय मी, तेव्हा बांधाच्या पलीकडं कोण कसं बसलंय त्याची काळजी तुम्ही करू नका. आम्हाला कोणाला बघायचं नाही. मला समुद्र बघायचाय. आमच्या ह्यांनी जन्मभर हिप्परग्याचा तलावच दाखवला. पाण्याजवळ बसायला खुर्ची कुठं मिळंल आणि बाथरूम किती लांब आहे तेवढं नीट सांगा की. चढ मी चढणार नाही, अण्णांनी चढावा.

वैशाली (सटन)

मावशी, पियरवरच बसा. १८९९ चा आहे, पाचशे मीटरच्या वर समुद्रात गेलाय, बसायला जागा असते, टॉयलेट वरच आहे आणि फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसतं. गोट्यांवरून जायलाच नको, समुद्र तुमच्या पायाखाली. पश्चिमेला पाण्यात लोखंडाचा नुसता सांगाडा उभा दिसेल तो जुना वेस्ट पियर, १८६६ चा, १९७५ ला बंद झाला आणि २००३ मधे जळला.

पॅव्हेलियन आतून बघा मात्र. बाहेरून आपल्याकडच्यासारखे घुमट आणि आत शिरलं की सगळं चिनी, जेवणाच्या हॉलमधे झुंबराला ड्रॅगन. राजपुत्राची हौस, दुसरं काय.

दिलीपकाका (होटगी रोड, सोलापूर)

राजपुत्राच्या हौसेला वेळ आहे, जवानांना नाही. चालू द्या.

प्रसाद (क्रॉयडन)

काका, मी मधला मार्ग सुचवतो. छत्रीवर दरवर्षी जूनमधे एका रविवारी श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो, त्या दिवशी अण्णांना मी घेऊन जातो, ते आणि मी दोघंच, आरामात चढू, थांबत थांबत. शनिवारी सगळ्यांबरोबर पॅव्हेलियनचं दक्षिणेकडचं फाटक बघून घेऊ, ते भारतीयांनीच शहराला आभार म्हणून दिलेलं आहे, १९२१ मधे पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते उघडलं. आणि अग्नी दिल्यावर जवानांची राख समुद्रातच सोडली होती, त्यामुळे ज्यांना वर जमत नाही त्यांनी पियरवरून हात जोडले तरी चुकीच्या जागी जोडले असं होत नाही.

माधवी (जुळे सोलापूर)

प्रसाद, लाख लाख धन्यवाद. अण्णांना फोन केला, "दोन दिवस ब्रायटन म्हणजे दोनदा तिकीट का" असं विचारलं त्यांनी, म्हणजे तयार आहेत. राखेचं ऐकल्यावर आई म्हणाली फुलं घेऊन जाते. फुलं समुद्रात टाकलेली तिथे चालतात का कोणाला माहितीये? निर्माल्य म्हणून कोणी दंड केला तर परत मंडळाचं नाव.

संजय, चटणी मिळेल, पाव किलो. अकरा जणांच्या बॅगा आहेत पण सांगणारे तीस झालेत.

शिरीष (रेडिंग)

फुलांचं माहीत नाही, प्लास्टिकची पिशवी तेवढी टाकू नका. अण्णांनी रविवारी छत्रीपाशी कोरलेल्या नावांचे फोटो काढून लिस्टवर टाकावेत, म्हणजे काकांचा आणि माझा निकाल लागेल.

दिलीपकाका (होटगी रोड, सोलापूर)

फोटो आले की बोलू. त्या रविवारच्या कार्यक्रमाला मंडळातर्फे पुष्पचक्र जायचं, माझ्या वेळी जायचं, त्याचं बजेट अजून आहे का ते कमिटीने कळवावं.

प्रसाद (क्रॉयडन)

बजेटचं काका तुम्ही कमिटीला वेगळी मेल करा. माधवी, तिकिटं अजून काढली नसतील तर थांब, स्वस्तातलं "थेम्सलिंक ओन्ली" दिसलं तर घेऊ नको, आपण लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून निघतोय आणि ती गाडी सदर्न या दुसऱ्या रेल्वे सेवेची, त्यावर ते चालत नाही. नाहीतर सगळ्यांना लंडन ब्रिजला बोलवावं लागेल आणि अण्णा व्हिक्टोरियालाच उभे राहतील.