सोळाव्या वर्षी सिनेटमध्ये पाणी द्यायला पोरीला पाठवावं का?

पारिजातक
धाकटी इथे अमेरिकेत दहावीत आहे आणि तिला वॉशिंग्टनला सिनेटमध्ये (अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह) पेज, म्हणजे मदतनीस, व्हायचंय. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अकरावीतली, सोळा-सतरा वर्षांची तीसेक मुलंमुली एका वेळी सिनेटमध्ये कामाला असतात. सिनेटर नेमतात. शाळेचं एक सत्र, नाहीतर उन्हाळ्यातले काही आठवडे. गडद निळा सूट सक्तीचा, मोबाईल बंद. सकाळी सव्वासहाला शाळा, तीही राहत्या इमारतीच्याच तळघरात. ती इमारत पूर्वी अंत्यविधीवाल्यांची होती (हे ऐकून सासूबाईंनी हात जोडले). शाळा झाली की कॅपिटॉलला, म्हणजे संसद भवनात. सभागृह भरायच्या आधी प्रत्येक टेबलावर कागद लावायचे, बोलायला उठणाऱ्यापुढे लाकडी स्टँड आणून ठेवायचा, विधेयकातल्या दुरुस्तीचा कागद पुढच्या टेबलावर पोचवायचा, पाणी द्यायचं. कुणाला साधं लागतं आणि कुणाला बुडबुड्यांचं, हेही पाठ करायचं. उरलेला वेळ अध्यक्षांच्या आसनाजवळच्या पायऱ्यांवर बसून राहायचं.

मला वाटतं पाठवावं. नवरा म्हणतो, वेटरगिरी करायला इतक्या लांब कशाला? तुमचं मत सांगा.

नेमस्त
नवऱ्याशी सहमत. प्रतिनिधीगृहातही (खालच्या सभागृहात) हीच पद्धत होती. २०११च्या ऑगस्टमध्ये बेनर आणि पलोसी, म्हणजे दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी मिळून ती बंद केली. खर्च वर्षाला ५० लाख डॉलरच्या वर, दोन सत्रांसाठी एका मुलामागे ६९,००० ते ८०,००० डॉलर. आणि निरोप तर ईमेलने जायला लागले होते. जे काम यंत्राने संपवलं ते सिनेटने शोभेसाठी चालू ठेवलंय. आपल्या विधानभवनात चिठ्ठ्या न्यायला पगारी कर्मचारी असतात, कुणाच्या पोरांना अकरावीतून उचलून आणत नाहीत.

चष्मिस
@नेमस्त, पगार या पेजेसनाही मिळतो. त्यातून राहण्याजेवणाचे पैसे कापतात, पण फुकट राबवणं नाही ते.

आणि चिठ्ठी पोचवणं हा मुद्दाच नाही हो. जॉन डिंगेल १९४१ मध्ये पंधरा वर्षांचे पेज होते. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचं भाषण त्यांनी प्रतिनिधीगृहात उभं राहून ऐकलं. पुढे ते एकोणसाठ वर्षं तिथलेच सदस्य होते. सिनेटर ख्रिस डॉड पेज होते, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गॉर्सच पेज होते. १९७२ साली बिल गेट्सनेही हे काम केलंय.

नेमस्त
ही यादी प्रत्येक जण फेकतो. डॉडचे वडील स्वतः सिनेटर होते. ज्यांच्या घरात आधीच दार उघडं होतं, त्यांची पोरं आत गेली आणि मोठी झाली, यात पाणी देण्याचं कर्तृत्व किती? पहिला पेज ग्राफ्टन हॅन्सन, १८२९, वय वर्षं नऊ, तोही सिनेटच्या सार्जंट ॲट आर्म्सचा (सुरक्षा आणि शिस्त बघणाऱ्या अधिकाऱ्याचा) नातू. मुलींना सिनेटने १९७१ मध्ये घेतलं. विसाव्या शतकातला पहिला कृष्णवर्णीय पेज १९६५ साली. ओळखीवर चालणारी जागा आहे ही.

वऱ्हाडी_ठेचा
ओळख तर आपल्याकडे अंगणवाडीच्या भरतीलेही लागते, नेमस्त साहेब. पारिजातकताई, पोरीले जाऊ द्या. पहाटे उठाची सवय लागली तरी पैसे वसूल!

जुनाट_रेडिओ
सगळे मोठ्या नावांवर चाललेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. १९८३ पर्यंत या मुलांना राहायची सोय स्वतःच बघावी लागे. त्या वर्षी डॅन क्रेन आणि गेरी स्टड्स या दोन सदस्यांनी सतरा वर्षांच्या पेजेसशी शारीरिक संबंध ठेवल्याचं बाहेर आलं. सभागृहाने निषेधाचा ठराव केला, सदस्यत्व काढलं नाही. स्टड्स त्यानंतरही निवडून येत राहिले. त्यानंतर वसतिगृह आलं, किमान वय सोळा झालं. तरीही २००६ मध्ये मार्क फोली यांचे माजी पेजेसना पाठवलेले घाणेरडे संदेश उघडकीस आले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. वसतिगृहाला कुलूप लावून हे थांबलं नाही. ज्याच्या शिफारशीवर पोराचं पुढचं कॉलेज अवलंबून, त्याच्याविरुद्ध पोर बोलणार कसं?

चष्मिस
काका, अपराध सदस्यांचा आणि बंद काय झालं, तर मुलांचा कार्यक्रम. हा कुठला न्याय? शिवाय तुमची तिन्ही नावं प्रतिनिधीगृहातली आहेत, ताई सिनेटबद्दल विचारतायत. तिथे मुलं तीसच आहेत, एका छताखाली राहतात, निरीक्षक असतात.

जुनाट_रेडिओ
बरं, मग २०२३ घ्या. जुलैत मध्यरात्र उलटून गेल्यावर काही सिनेट पेजेस कॅपिटॉलच्या रोटुंडात (घुमटाखालच्या गोल दालनात) जमिनीवर आडवी पडून घुमटाचे फोटो काढत होती. मुदत संपत आली होती, आठवण म्हणून. विस्कॉन्सिनचे प्रतिनिधी डेरिक व्हॅन ऑर्डेन यांनी त्यांना गलिच्छ शिव्या घालून उठवलं. कारण काय, तर यादवी युद्धात तिथे जखमी सैनिकांवर उपचार व्हायचे, जागेचा मान राखा! माफी मागितली नाही.

चष्मिस
पुढचंही सांगा ना. शूमर आणि मॅकॉनेल, सिनेटमधले तेव्हाचे दोन्ही पक्षांचे नेते, एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही, दोघांनीही सिनेटमध्ये उभं राहून मुलांची बाजू घेतली. आपल्या ऑफिसात साहेब नव्या पोराच्या अंगावर ओरडला तर कोण उठतं?

नेमस्त
बाजू घेतली, छान. पण मध्यरात्री सोळा वर्षांची मुलं तिथे मुळात का होती, हा माझा प्रश्न आहे. कामकाज लांबलं की यांची ड्यूटीही लांबते. दुसऱ्या दिवशीच्या तासांना सवलत देतात, म्हणजे मोठ्यांच्या भांडणाची किंमत पोरांच्या अभ्यासातून वळती. १ मार्च १९५४ला प्रतिनिधीगृहाच्या गॅलरीतून गोळीबार झाला, पाच सदस्य जखमी झाले, तेव्हा स्ट्रेचर उचलणाऱ्यांत पेजेस होते. शौर्य म्हणून तो फोटो छापतात. मला तो बघून आईबापांचं काय झालं असेल हेच सुचतं.

पारिजातक
नेमस्त, शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं याची मुलांकडून कवायत करून घेणाऱ्या देशात राहते मी. त्या हिशेबाने कॅपिटॉल सुरक्षितच म्हणायचं. रेडिओकाकांचा मुद्दा मात्र लागला. लेकीशी त्यावर स्पष्ट बोलणार आहे, कुठली माणसं, कुठली वागणूक, कुणाला सांगायचं, सगळं.

पारिजातकचा_नवरा
नमस्कार मंडळी. 'वेटरगिरी' हा शब्द माझा, आणि मी तो मागे घेत नाहीये. पण खरी हरकत वेगळी आहे, ती हिने लिहिलीच नाही. अकरावी हे इथे कॉलेज-प्रवेशासाठी सगळ्यात महत्त्वाचं वर्ष. तीस मुलांच्या तळघरातल्या शाळेत विषय मोजकेच. लेकीने तिच्या हायस्कूलमध्ये जे घेतलंय, त्यातलं काय तिथे चालू राहील? परत आल्यावर अर्ध्या वर्षाचं केमिस्ट्री कोण भरून काढणार, सिनेटर?

उन्हाळ्याच्या सत्रात शाळाच नसते, नुसतं काम असतं. त्याला माझी ना नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. कन्येला ते मान्य नाही, तिला सप्टेंबरचंच सत्र हवंय, कारण उन्हाळ्यात "सिनेटर सुट्टीवर पळतात आणि बघण्यासारखं काही होत नाही." या वाक्यावर मला घरात अजून उत्तर देता आलेलं नाही. कुणाला सुचलं तर कळवा.